चरबीचा गोळा, आतड्यात शिरलेलं आतडं आणि रिपोर्टमधला मायनस आकडा

या खेपेला पत्रं बरीच आली आणि त्यातली बरीचशी एकाच विषयाच्या आसपासची निघाली, म्हणून बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकललेत. पहिलं पत्र हातात पडलं त्याच दिवशी मी त्या ताईंना फोन केला होता, कारण अंक छापून येईपर्यंत थांबण्यासारखं ते नव्हतंच. त्यांच्या परवानगीनेच इथे देतेय, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

प्रश्न : डॉक्टर, माझ्या आईचं वय ५८. गेले सहा-सात महिने मधूनच पोटात उजवीकडे कळ यायची, दहा-पंधरा मिनिटं मुरडा मारल्यासारखं व्हायचं आणि आपोआप थांबायचं. दोनदा संडासवाटे रक्त पडलं, मूळव्याध असेल म्हणून मलम आणलं. मागच्या आठवड्यात कळ थांबेचना, उलट्या सुरू झाल्या म्हणून अ‍ॅडमिट केलं. सीटी स्कॅनच्या रिपोर्टमध्ये लिहिलंय की मोठ्या आतड्यात आतडं शिरलंय, कोलोकोलिक इंटससेप्शन, आणि त्याच्या टोकाला ४.५ सेंमीची फॅट डेन्सिटीची गाठ आहे, मायनस ९२ एचयू, बहुधा लायपोमा. सर्जन ऑपरेशन करायचं म्हणतात. ट्यूमर म्हणजे कॅन्सरच, असं शेजारचे सांगून गेले आणि घरात रडारड चालू आहे. खरं काय ते सांगा. आणि नुसती चरबीची गाठ असेल तर ऑपरेशन कशाला?
— एक मुलगी, सांगली

उत्तर : ताई, फोनवर जे सांगितलं तेच जरा सविस्तर लिहिते, कारण असाच रिपोर्ट हातात घेऊन बसलेले अजूनही कोणीतरी असतील. रिपोर्ट वाचताना ट्यूमर या शब्दावर अडकू नका, ट्यूमर म्हणजे गाठ, एवढंच, चांगली पण आणि वाईट पण. आधी तो मायनस ९२ बघा. तुमच्या आईच्या रिपोर्टमधली सगळ्यात चांगली बातमी त्या आकड्यात आहे.

पण आधी झालं काय ते समजून घेऊ. घट्ट बाहीचा स्वेटर घाईघाईत काढला की बाही अर्धी उलटी होऊन स्वतःच्याच आत जाऊन बसते ना, अगदी तसंच आतड्याचा एक भाग पुढच्या भागात शिरतो, त्याला इंटससेप्शन म्हणतात. आपल्याकडे लोक याला सरसकट आतड्याला पीळ पडला म्हणतात, पण पीळ हा वेगळा प्रकार, त्यात आतडं स्वतःभोवती फिरतं. इथे फिरत नाही, शिरतं. आणि का शिरतं, तर आतड्याचं काम म्हणजे समोर येईल ते पुढे ढकलत राहणं, अन्न असो नाहीतर गॅस, आणि भिंतीतून आत लोंबणारी गाठ असली की आतडं तिलाही घासच समजतं आणि ढकलायला लागतं, गाठ तर भिंतीला धरून बसलेली, ती सुटून जाणार कुठे, मग ती आपल्याबरोबर भिंतीलाच ओढत पुढच्या भागात घेऊन जाते. ही पुढे असलेली गाठ म्हणजेच रिपोर्टमधला लीड पॉइंट. कधी ते आपोआप मागे सरकतं आणि कळ थांबते, परत शिरलं की परत कळ. आईचं सहा-सात महिने जे येऊन-जाऊन चाललं होतं ते बहुतेक हेच. मोठ्या माणसांत हे इतकं हळूहळू आणि इतकं मोघम चालतं की गॅस, अ‍ॅसिडिटी, मूळव्याध करत महिने निघून जातात, यात तुमची चूक धरू नका.

आता तो आकडा. सीटी मशीन शरीराच्या प्रत्येक ठिपक्याला एक नंबर देतं, क्ष-किरण तिथे किती अडले त्यावरून. पाणी म्हणजे शून्य, हवा म्हणजे मायनस १०००, मांस, स्नायू, आतड्याची भिंत हे सगळं शून्याच्या वर, साधारण अधिक ३० ते ६० च्या घरात, हाड त्याच्याही कितीतरी वर. चरबी मात्र पाण्यापेक्षा हलकी, त्यामुळे ती शून्याच्या खाली जाते, साधारण मायनस ५० ते मायनस १२० च्या दरम्यान. एचयू म्हणजे हाउन्सफील्ड युनिट. गॉडफ्रे हाउन्सफील्ड हे इंग्लंडमधले इंजिनिअर, त्यांच्या मशीनवर १ ऑक्टोबर १९७१ ला लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली हॉस्पिटलमध्ये पहिल्या पेशंटचा मेंदूचा स्कॅन झाला, १९७९ ला त्यांना अ‍ॅलन कॉरमॅक यांच्याबरोबर नोबेल मिळालं. डॉक्टर नसलेल्या माणसाच्या नावाचा आकडा आज आम्ही रेडिओलॉजिस्ट, म्हणजे स्कॅन वाचणारे डॉक्टर, दिवसातून शंभरदा उच्चारतो, आणि पोट न उघडता आतली गाठ कशाची आहे हे त्या आकड्यावरून सांगू शकतो, मला अजूनही याचं अप्रूप वाटतं.

मोठ्या आतड्याचा नेहमीचा कॅन्सर मांसल असतो. त्याचा आकडा अधिकात येतो आणि कॉन्ट्रास्टचं, म्हणजे फोटोत रक्त उजळून दिसावं म्हणून देतात ते, इंजेक्शन दिल्यावर तो अजून वर चढतो. स्क्रीनवर तो करडा दिसतो, कडा ओबडधोबड, आजूबाजूची भिंत जाड. तुमच्या आईची गाठ स्क्रीनवर काळपट, गोल, गुळगुळीत आणि आतून सगळीकडे सारखी. मी काय करते सांगते, असा काळा गोळा दिसला की माउसने त्याच्यात एक छोटा गोल काढते, आकडा बघते, आणि मग तसाच गोल त्याच चित्रात पोटाच्या कातडीखालच्या चरबीत काढते. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आले की गाठ बोलली समजायचं. पेशंटची स्वतःची चरबीच साक्षीदार होते.

इथे एक मेख आहे आणि नवीन डॉक्टर हमखास तिथे फसतात. आतडं आत शिरतं तेव्हा त्याला रक्त पुरवणारा चरबीचा पदर, मेसेंटरी, तोही बरोबर ओढला जातो. म्हणजे शिरलेल्या आतड्याच्या मध्ये काळी चरबी दिसणारच, गाठ लायपोमाची असो नाहीतर कॅन्सरची. आडवा छेद घेतला की कापलेल्या कांद्यासारखी एकात एक कडी दिसतात, बाहेरचं आतडं, मग आतलं, आणि दोघांच्या मध्ये एका बाजूला चंद्रकोरीसारखी काळी चरबी. ती कोर बघून कोणी लायपोमा लिहिलं तर घात होईल. फरक असा की ओढलेल्या पदराच्या चरबीत रक्तवाहिन्या असतात, कॉन्ट्रास्ट दिल्यावर त्या पांढऱ्या रेघांसारख्या चमकतात, आणि ती चरबी मागे पोटातल्या चरबीला जोडलेली दिसते. लायपोमाचा गोळा टोकाला असतो, अगदी पुढे, वाटोळा, स्वतःची स्वच्छ कड असलेला, आणि त्यात अशा रेघा नसतात. म्हणून आम्ही फक्त आडवे फोटो बघून थांबत नाही, उभा छेद घेऊन आतडं कुठून सुरू झालं आणि त्याचं नाक कुठे संपलं तिथपर्यंत बोट ठेवून जातो. तुमच्या आईच्या फोटोत ते नाक आणि तो गोळा इतके स्पष्ट होते की दुसऱ्यांदा बघायची गरज पडू नये, तरी मी दोनदा बघितलं.

मग ऑपरेशन कशाला? कारण गाठ साधी असली तरी शिरलेलं आतडं साधं नाही. त्या पदरातल्या शिरा दाबल्या जातात, आधी रक्त परत जायचं थांबतं, आतडं सुजतं, सूज आली की अजून दाब येतो, आणि शेवटी रक्त यायचंच बंद झालं तर तो भाग काळा पडतो. लहान मुलांत शौचाच्या जागेतून हवा किंवा पाणी सोडून आतडं मागे सरकवता येतं, पण मोठ्यांत गाठ तिथेच राहणार, म्हणजे आज सोडवलं तर उद्या परत शिरेल. शिवाय मोठ्या माणसांमध्ये दहातल्या साधारण नऊ जणांत इंटससेप्शनमागे काहीतरी कारण सापडतंच, आणि ते मोठ्या आतड्यात झालेलं असेल तर निम्म्याहून जास्त वेळा ती गाठ कॅन्सरची निघते. हे वाचून घाबरू नका, तुमच्या आईची गाठ उरलेल्यांमधली आहे असं चित्र सांगतंय, पण सर्जन एवढे सावध का असतात ते यावरून कळेल. आणि रिपोर्टमध्ये बहुधा का लिहिलं, तर शेवटचा शब्द काढलेली गाठ सूक्ष्मदर्शकाखाली तपासणाऱ्या पॅथॉलॉजिस्टचा, आमचा नाही, ते तसंच असायला हवं.

चित्राचा उपयोग तरी काय झाला मग? खूप झाला. कॅन्सरचा संशय असेल तर सर्जन आतड्याचा मोठा भाग त्याच्या रक्तवाहिन्या आणि लसिकाग्रंथींसकट काढतात. लायपोमा आहे हे आधीच नीट कळलं असेल आणि आतडं तग धरून असेल तर कमी भागात भागू शकतं, बऱ्याचदा दुर्बिणीने. आईच्या बाबतीत तसंच झालं. सर्जननी गाठ असलेला भाग काढला, कापून बघितला तर आत लोण्याच्या गोळ्यासारखी पिवळी धमक चरबी, आणि टोकाला घासून घासून पडलेला छोटा व्रण. दोनदा पडलेलं रक्त तिथलं होतं. पॅथॉलॉजीचा रिपोर्ट लायपोमाच आला.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. माझ्या धाकट्या भावाला असाच लायपोमा सांगितलाय, ३ सेंमीचा, आतडं शिरलेलं नाही, पण मधूनमधून दुखतं. कोलोनोस्कोपी केली, बायोप्सी घेतली तर रिपोर्ट नॉर्मल. म्हणजे सीटी चूक की बायोप्सी चूक? आणि तुकडा न काढता, फोटोवरून गाठ कॅन्सरची नाही असं कोणी कसं म्हणू शकतं?
— नाशिक

उत्तर : सर, दोन्ही बरोबर असू शकतात. आतड्याची भिंत थरांची असते आणि लायपोमा सहसा आतल्या अस्तराच्या खाली, सबम्युकोसा नावाच्या थरात वाढतो. कोलोनोस्कोपीत, म्हणजे शौचाच्या जागेतून दुर्बीण घालून आतडं बघतात तेव्हा, चिमटा वरवरचं अस्तर उचलतो, आणि अस्तर तर चांगलंच आहे, मग रिपोर्ट नॉर्मल येणारच. रजईचा कापूस बघायचा असेल आणि आपण नुसती खोळ कापून आणली तर काय कळणार. अनुभवी एंडोस्कोपिस्ट म्हणून दुसऱ्या खुणा बघतात, गाठ पिवळसर आणि गुळगुळीत दिसते, बंद चिमट्याने दाबली की उशीसारखा खड्डा पडतो आणि सोडला की भरून येतो, आणि एकाच जागी दोन-तीनदा तुकडे घेतले तर आतली चरबी बाहेर डोकावते. कॅन्सर असा दबत नाही, तो कडक असतो आणि हात लागला की रक्त येतं. जुन्या काळी बेरियम एनिमाच्या, म्हणजे शौचाच्या जागेतून बेरियमचं औषध सोडून काढलेल्या, एक्स-रेत पण हीच गंमत दिसायची, आतडं आवळलं की गाठ लांबट, सैल सोडलं की परत गोल. मऊ वस्तूचं मऊपण एक्स-रेतही लपत नव्हतं.

फोटोवरून कसं म्हणता, हा प्रश्न मला आवडला, कारण तो विचारायलाच हवा. स्वच्छ, एकसारखी, मायनस आकड्याची गाठ सीटीत दिसली तर तिच्यासारखी दिसणारी दुसरी गोष्ट मोठ्या आतड्यात जवळपास नाहीच. चरबीचाच कॅन्सर असतो, लायपोसार्कोमा, पण तो मोठ्या आतड्यात फारच दुर्मीळ, आणि त्यात चरबीच्या मध्ये जाड पडदे, मांसल गोळे असं काहीतरी दिसतंच. एमआरआयनेही खात्री होते. टी-वन नावाच्या फोटोत चरबी पांढरी दिसते आणि मशीनला चरबीची ती चमक दाबायला सांगितली की तोच गोळा त्याच जागी काळा होतो, कातडीखालच्या चरबीबरोबर.

पण चित्र नेहमी इतकं सरळ नसतं, आणि इथे माझी स्वतःची एक चूक सांगते. शिकत असताना एका रात्रीच्या ड्युटीला पन्नाशीतल्या एका बाईंचा सीटी माझ्याकडे आला, आतडं शिरलेलं, टोकाला गाठ. मी माउसने गोल काढला तो घाईत मोठा काढला, त्यात गाठीच्या आजूबाजूची सुजलेली भिंतही आली, सरासरी आकडा आला अधिक १२, आणि मी लिहून टाकलं की कॅन्सरची शक्यता जास्त. सकाळी आमच्या मॅडमनी तेच फोटो पातळ छेदांत उघडले, बरोबर गाठीच्या मध्यात तांदळाच्या दाण्याएवढा गोल काढला आणि आकडा मायनस ७० आला. काही न बोलता त्यांनी माझ्या हातात माउस दिला आणि तो गोल मला दहा वेळा काढायला लावला. त्या बाईंच्या मुलाला मी रात्री कॅन्सर हा शब्द बोलून बसले होते, त्याचा तो चेहरा अजून डोळ्यासमोरून जात नाही. तेव्हापासून जाड छेदांवर मी आकडा लिहीत नाही.

दुसरी अडचण अशी की गाठ बराच काळ शिरून-सुटून घासली गेली, तिचा रक्तपुरवठा तुटला, की आतली चरबी मरायला लागते. मग ती स्वच्छ काळी राहत नाही, ढगाळ होते, मध्ये करडे धागे आणि डाग दिसतात, अस्तरावर व्रण असला तर कड जाड दिसते. असा लायपोमा कॅन्सरचं सोंग घेतो आणि चांगल्या चांगल्या डॉक्टरांना फसवतो. तेव्हा प्रामाणिक रेडिओलॉजिस्ट लिहितो की चरबी आहे पण शुद्ध नाही, बाकीचं सर्जननी बघावं, आणि सर्जननीही ते कॅन्सर समजूनच काढावं, त्यात कोणाची चूक नसते.

तुमच्या भावाचं म्हणाल तर २ सेंमीच्या आतला, न दुखणारा लायपोमा आम्ही बहुतेक वेळा तसाच सोडतो. त्याहून मोठा आणि दुखणारा असेल तर काढायचा विचार होतो, दुर्बीण घालून आतून काढायचा की ऑपरेशन करायचं हे त्याच्या देठावर आणि रुंदीवर ठरतं, कारण रुंद बुडाची मोठी गाठ आतून कापताना आतड्याला भोक पडण्याची भीती असते. हा निर्णय पोटाच्या तज्ज्ञांबरोबर समोरासमोर बसून घ्या. आणि पन्नाशीच्या पुढे असतील तर कोलोनोस्कोपीत सगळं आतडं शेवटपर्यंत बघितलं होतं ना हे नक्की विचारा, एक साधी गाठ सापडली म्हणजे दुसरीकडे काही नाहीच असं होत नाही.

प्रश्न : वय ३४. किडनी स्टोनसाठी सीटी केला. स्टोन दिसला, पण रिपोर्टमध्ये खाली एक ओळ आहे की छोट्या आतड्यात ट्रान्झियंट इंटससेप्शन, २ सेंमी, लीड पॉइंट नाही. इंटरनेटवर इंटससेप्शन वाचलं आणि रात्रभर झोप नाही. ऑपरेशन करावं लागेल का?
— ठाणे

उत्तर : नाही हो, शांत झोपा. छोट्या आतड्यात असं क्षणभर शिरणं आणि सुटणं चालू असतं, पूर्वी ते कोणाला दिसायचंच नाही, आता मशीन इतकी वेगवान झाली की नेमक्या त्या क्षणी फोटो निघतो. आम्ही चार गोष्टी बघतो, लांबी साडेतीन सेंमीपेक्षा कमी आहे ना, टोकाला गाठ नाही ना, मागचं आतडं फुगलेलं नाही ना आणि भिंतीला रक्त नीट पोचतंय ना. तुमच्या रिपोर्टमध्ये लांबी २ सेंमी आणि लीड पॉइंट नाही हे लिहिलंच आहे, बाकी दोनांत काही वावगं असतं तर तेही लिहिलं असतं. सांगलीच्या ताईंच्या आईच्या आणि तुमच्या रिपोर्टमधलं नाव एकच असलं तरी आजार वेगळा. फक्त एक, पोटात वारंवार दुखत असेल, सतत जुलाब, वजन उतरणं, गव्हाचं खाल्लं की त्रास असं काही असेल तर फिजिशियनला सांगा, सीलिअ‍ॅक नावाच्या आजारात असं वरचेवर दिसतं. तसं नसेल तर पाणी भरपूर प्या आणि स्टोनकडे लक्ष द्या.

प्रश्न : माझा नातू आठ महिन्यांचा आहे. गल्लीतल्या एका बाळाला आतड्यात आतडं गेलं म्हणून दवाखान्यात नेलं. आमच्याकडे बाळ रडलं की बेंबी सरकली म्हणून तेल लावून चोळतात. यात काही धोका आहे का? आणि एवढ्याशा बाळाला गाठ कशी होते?
— एक आजी, परभणी

उत्तर : आजी, बरं झालं विचारलंत. बाळांमध्ये बहुतेक वेळा गाठबीठ काही नसते. सर्दी, जुलाब झाल्यावर आतड्याच्या भिंतीतल्या ग्रंथी सुजतात आणि त्याच आतडं ओढून नेतात, साधारण सहा महिने ते दोन वर्षांच्या बाळांत हे जास्त. खूण अशी की बाळ एकदम कळवळून रडतं, पाय पोटाशी घेतं, पाच-दहा मिनिटांनी शांत होतं, मलूल पडतं, आणि परत थोड्या वेळाने तेच. उलटी होते. शेवटी जेलीसारखं लालसर शौचाला होतं, पण त्याची वाट बघायची नाही, ती उशिराची खूण आहे. असं रडणं दिसलं तर चोळत बसू नका, ज्या दवाखान्यात सोनोग्राफी आणि लहान मुलांचे डॉक्टर दोन्ही आहेत तिथे लगेच न्या. सोनोग्राफीत ती एकात एक कडी पाच मिनिटांत दिसतात, बाळाला सीटीची गरज सहसा पडत नाही. मग शौचाच्या जागेतून हवा किंवा सलाइनचं पाणी हळूहळू सोडून आतडं मागे सरकवतात, मी स्वतः सोनोग्राफीवर बघत हे केलंय, शिरलेलं टोक मागे मागे जातं आणि पाणी एकदम भस्सकन छोट्या आतड्यात पसरतं, तेव्हा खोलीतले सगळे श्वास सोडतात. वेळेत आलेल्या बहुतेक बाळांना ऑपरेशन लागत नाही. परत होऊ शकतं, दहातल्या साधारण एका बाळाला होतं, म्हणून घरी आल्यावर दोन-तीन दिवस लक्ष ठेवायचं.

प्रश्न : माझ्या दोन्ही हातांवर चरबीच्या गाठी आहेत. आतड्यात पण असतील का? तेलकट खाणं बंद केलं, रोज एरंडेल घेतलं तर विरघळतात का?
— कोल्हापूर

उत्तर : हातावर आहेत म्हणून आतड्यात असतीलच असं नाही, त्यासाठी उगाच स्कॅन करू नका. तेलकट बंद केलंत तर हृदयाला बरंच, पण लायपोमा त्याने येतही नाही आणि जातही नाही. बारीक माणसांना पण होतो. एरंडेलाबद्दल मात्र कळकळीने सांगते, पोट फुगलंय, उलट्या होतायत, वारा सरत नाही, शौचाला होत नाही अशा वेळी एरंडेल किंवा कुठलंही जुलाबाचं औषध घ्यायचं नाही, कोणालाही द्यायचं नाही. वाट बंद असताना मागून जोर लावला तर आतडं फुटू शकतं. त्या वेळी हॉस्पिटल, दुसरं काही नाही.

प्रश्न : सोनोग्राफी स्वस्त आहे, रेडिएशन नाही, मग मोठ्यांना सीटीच का करायला लावतात? आणि इंजेक्शनवाला सीटी कशाला? माझ्या सासूबाईंना इंजेक्शन दिल्यावर अंग गरम झालं, त्या घाबरल्या.
— पुणे

उत्तर : सोनोग्राफी पहिली करायला काहीच हरकत नाही, चांगल्या हातात इंटससेप्शन त्यातही दिसतं, आणि गंमत बघा, सीटीत काळी दिसणारी चरबी सोनोग्राफीत पांढरी चमकते. पण मोठ्यांचं पोट जाड, त्यात गॅस, आणि गॅसच्या पलीकडे सोनोग्राफीला दिसत नाही. गाठ कुठली, किती भाग शिरलाय, आतडं जिवंत आहे का, हे सर्जनला ऑपरेशनच्या आधी कळायला लागतं आणि ते सीटी सांगतो. इंजेक्शन त्यासाठीच. रक्त पोचत असेल तर भिंत उजळते, नाही उजळली तर तो भाग धोक्यात आहे, आणि भिंतीतच हवेचे बुडबुडे दिसले तर मी रिपोर्ट टाइप करत बसत नाही, आधी सर्जनला फोन करते. अंग गरम होणं, तोंडात धातूसारखी चव येणं, लघवी झाल्यासारखं वाटणं हे मिनिटभराचं असतं, आम्ही आधी सांगायला हवं होतं. दम लागणं, अंगावर गांधी येणं हे मात्र लगेच सांगा. किडनीचा त्रास किंवा आधी अ‍ॅलर्जी झालेली असेल तर इंजेक्शनच्या आधी सांगा. रेडिएशनचं म्हणाल तर पोटाच्या एका सीटीत साधारण ८ ते १० मिलिसीव्हर्ट, आणि निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिळतं असा जगाचा हिशेब आहे, म्हणजे तीन-चार वर्षांचं एकदम. उगाच करू नये इतकं ते नक्कीच आहे, पण आतडं अडकल्याचा संशय असेल तर दोनदा विचार करू नका.

प्रश्न : सीटीची सीडी जपून ठेवायची का? घरात सगळे म्हणतात रिपोर्टचा कागद आणि फिल्म आहे ना, पुरे.
— सोलापूर

उत्तर : ठेवाच, आणि सेंटरवाले पेनड्राइव्हवर देत असतील तर तसंही घ्या, आजकाल सीडी वाचायला कॉम्प्युटर कुठे सापडतो. फिल्मवर निवडक फोटो छापलेले असतात, तेही जाड छेदांचे, आणि छापलेल्या फोटोत आकडा परत मोजता येत नाही. मूळ फाइल असेल तर दुसरा डॉक्टर स्वतः पातळ छेद उघडून, गाठीच्या बरोबर मध्ये गोल काढून बघू शकतो. सांगलीच्या ताईंनी फोनवर रिपोर्ट वाचून दाखवला होता, पण मला खात्री पटली ती संध्याकाळी त्यांच्या भावाने पेनड्राइव्हवरची फाइल पाठवली आणि मी गोल काढला तेव्हा. माझा आकडा मायनस ९४ आला.